आधी ‘अगं’, मग डुबुक

माणूस जगतो ते त्याचं आयुष्य नव्हे. त्याच्या माणसांना जे आठवतं, तेच त्याचं आयुष्य. हे वाक्य त्याने दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्याच्या घशात खरोखरच काहीतरी दाटून आलं. मग त्याने पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं की प्रत्यक्ष कॅमेऱ्याचा रंग चित्रातल्यापेक्षा वेगळा असू शकतो आणि मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागेल. घसा ताबडतोब मोकळा झाला. त्याने पत्रक टेबलावरच्या रबरी हातमोज्यांच्या नमुन्यांखाली सरकवलं, कारण समोरून स्टोअर्सच्या बाई येत होत्या, आणि त्यांना टेबलावरचा कुठलाही कागद उलट्या बाजूनेही वाचता येत असे.

“कॅमेरा?” बाई म्हणाल्या. “कुठल्या वॉर्डला?”

“घरी. सुट्टीत मुलांना घेऊन जायचंय.”

“मग फोन आहे की.”

“फोनवर फोन येतात,” तो म्हणाला. हे कारण त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते त्याला स्वतःलाही पटायला लागलं होतं.

“तीन कोटेशनं घेतलीत ना पण?” असं विचारून, स्वतःच्याच विनोदावर खूश होत बाई निघून गेल्या. घेतली होती. हेच तर दुःख होतं.

गेली कित्येक वर्षं तो या हॉस्पिटलसाठी खरेदी करत होता. चादरी, बादल्या, पडदे, चाकांच्या खुर्च्या. एकदा तर अख्खं एक्स-रे मशीन त्याने विकत घेतलं होतं आणि ते घेताना त्याच्या कपाळावर एक आठी पडली नव्हती. पद्धत ठरलेली होती. गरज काय ते लिहायचं, दर मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, तक्त्यात जे सगळ्यांत कमी वाईट दिसेल त्याच्यासमोर खूण करायची आणि सही दुसऱ्याची घ्यायची. या शेवटच्या पायरीत सगळं शहाणपण होतं. घरी तीच पायरी नसते. घरी बायको म्हणते, “तू ठरव, तुला त्यातलं कळतं,” आणि वस्तू घरात आली की दोन बोटांनी उचलून म्हणते, “हा घेतलास?” घरातली इस्त्री त्याने अशीच ठरवली होती, ठरेपर्यंत सगळ्यांना चुरगळलेले कपडे घालायची सवय होऊन गेली आणि आता ती इस्त्री कपाटावर, पेटीसकट, त्याच्या निर्णयशक्तीचं स्मारक म्हणून उभी होती. कॅमेऱ्याचाही तक्ता त्याने केला होता, पट्टीने रेघा मारून. आडव्या ओळींत कॅमेरे, उभ्या रकान्यांत झूम, वजन, बॅटरी, पडद्याचा आकार, हातात अडकवायचा पट्टा आहे की नाही. फक्त पहिला रकाना, ‘गरज’ नावाचा, अजून कोरा होता. तो भरायचा तर खरं काय ते लिहावं लागलं असतं, आणि खरं असं होतं की त्याला असा कॅमेरा हवा होता जो सांगू शकेल, मी आधी ओरडलो की आधी फोन पडला.

हे सगळं सुरू झालं ते शाळेत. पालकांना वर्गात बोलावलं होतं. पालक म्हणजे एरवी चारचौघांत वजन असलेली माणसं. पण दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर बसलं की गुडघे कानाशी येतात आणि वजनाची उलट भीतीच वाटायला लागते. मुलं एकेक करून पुढे येत होती आणि मागची सुट्टी सांगत होती. कुणी डोंगर पाहिला होता, कुणी आगबोट, एका मुलाने आजोबांना खोटे दात काढताना पाहिलं होतं आणि त्यापुढे त्याला डोंगर-आगबोटीची मातब्बरी वाटत नव्हती. मग त्याची धाकटी उठली. हात पाठीमागे बांधून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, धड्यातलं वाचावं तसं तिने सांगितलं: “सुट्टीत आम्ही तळ्यावर गेलो होतो. तिथे बाबाचा फोन पाण्यात पडला. मग बाबा खूप ओरडला.” आणि मान लववून जाग्यावर जाऊन बसली. वर्ग हसला. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि “छान, अगदी खरं खरं!” असं म्हणाल्या, म्हणजे जे काही वाचायची आशा होती तेही गेलं. शेजारच्या लाल खुर्चीतल्या एका बापाने त्याच्या गुडघ्यावर, जो त्या बापाच्या खांद्याशीच होता, हात ठेवला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, “फोन कुठला होता?”

तळ्याकाठच्या त्या सुट्टीसाठी त्याने काय काय केलं होतं! साहेबांकडून रजा काढली होती, म्हणजे साहेबांच्या मेहुण्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला खोलीची सोय करून दिली होती. तळ्याकडे खिडकी असलेली खोली मिळावी म्हणून तिथल्या माणसाशी इतक्या वेळा फोनवर बोलला होता की शेवटी तो माणूस याच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करायला लागला होता. पायाने चालवायची होडी होती. तिच्यात धाकटी इतकी हसली की तिला उचक्या लागल्या आणि उचक्यांचंही हसू यायला लागलं. थोरला, जो एरवी बापापासून चार पावलं अंतर राखून चालतो, म्हणजे कुणाला वाटलं तर वाटावं की हा वेगळाच कुणीतरी मुलगा आहे, तो एका चढावर आपणहून हात धरून चालला होता. सकाळी तळ्यावर धुकं असायचं आणि त्यातून बदकांचे नुसते आवाज यायचे. हे सगळं त्याने फोनमध्ये घेतलं होतं. अगदी उचक्यासुद्धा. आणि शेवटल्या दिवशी ती लाकडी फळ्यांची वाट, जी सरळ पाण्यात जाऊन एकाएकी संपत होती, जणू बांधणाऱ्याला मधेच दुसरं काम आठवलं असावं. टोकाला कठडा नव्हता. तो फोन समोर धरून उभा होता, बायको मागे बाकावर पाठमोरी, धाकटी एका बदकामागे फळ्यांवरून धावत सुटली, आणि फोनच्या छोट्या चौकटीत त्याला दिसलं की तिच्यापुढच्या फळ्या संपत आल्यात. तो ओरडला, “अगं!” त्या ओरडण्याच्या जोराने त्याचा हातच उघडला आणि फोन दोन फळ्यांच्या फटीतून खाली गेला. डुबुक. धाकटी टोकाशी थांबली होती. बदक पाण्यात उतरून पलीकडे निघालं होतं, मान ताठ, काही झालंच नाही अशा थाटात. आधी ‘अगं’, मग डुबुक. हा क्रम होता. यात न समजण्यासारखं काय होतं?

“तिने उलटं सांगितलं,” शाळेतून परत येताना गाडी चालवता चालवता तो म्हणाला होता.

“काय उलटं?” बायको म्हणाली.

“क्रम. मी ओरडलो आणि मग फोन पडला. फोन पडला म्हणून ओरडलो नाही.”

“बरं.”

“बरं काय बरं? तू होतीस ना तिथे?”

“मी थर्मासचं झाकण शोधत होते. मला दिसलं नाही काही. नुसतं ऐकू आलं.”

“मग आधी काय ऐकू आलं?”

आता, त्याच्या बायकोचा धंदाच ऐकण्याचा होता. कानांच्या दवाखान्यात ती दिवसभर माणसांना काचेच्या पेटीत बसवायची, त्यांच्या कानांना यंत्र लावायची आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायची. त्यामुळे तिने हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. खरोखर डोळे मिटून आठवून पाहिलं, आणि हे जास्त वाईट होतं. “दोन्ही एकदम,” ती म्हणाली. “इतके जवळचे दोन आवाज कानाला सुटे ऐकू येत नाहीत. शिवाय तुझा आवाज एवढा मोठा होता की डुबुक त्यातच बुडालं.”

“फोनला कुणी ‘अगं’ म्हणतं का?”

“तू गाडीला म्हणतोस. चढावर.”

“आणि बाबा, तू ‘अगं’ नव्हतास म्हणाला,” मागच्या सीटवरून थोरला म्हणाला. “नुसतं ‘आ’ केलं होतंस. मोठ्ठा.”

“तू मधे बोलू नकोस!”

“बघा, ओरडतोय,” धाकटी म्हणाली. तक्रार म्हणून नाही. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं.

एवढं होऊन त्याने ठरवलं की कॅमेरा घ्यायचा. ज्याला फोन येत नाही, ज्याच्यावर साहेबांचे निरोप येत नाहीत, जो एकच काम करतो आणि हातात पट्ट्याने बांधलेला असतो. यंदाच्या सुट्टीचे फोटो निघतील, भिंतीवर लागतील, धाकटी ते बघत मोठी होईल आणि तळ्यावरची ती तीन वाक्यं हळूहळू फोटोंखाली गाडली जातील. पंचवीस-तीस वर्षांनी कुणी तिला विचारलं, तुझे बाबा कसे होते, तर ती भिंतीकडे बघून काहीतरी सांगेल. भिंत कोरी असेल तर सांगेल, ओरडायचे. एकदा फोन पडला तेव्हा तर फारच. आपली बायको, मुलगा, उद्या जावई येईल तोसुद्धा, सगळे मान हलवतील. जावयाने तर फोन पाहिलाही नसेल. या न आलेल्या जावयाचा त्याला इतका राग यायचा की हातमोज्यांच्या नमुन्यांतला एखादा मोजा तो ताणून सोडून द्यायचा, आणि फटकन झालेल्या आवाजाने समोरचा क्लार्क दचकायचा. तर अशा तऱ्हेने गरज पक्की होती. पण घरात कॅमेऱ्याचं नाव काढल्याबरोबर ज्याची त्याची गरज वर आली. बायकोला तो पर्समध्ये मावणारा हवा होता आणि त्यात मान जशी आहे तशी दिसायला नको होती. थोरल्याला पाण्याखाली चालणारा हवा होता. “म्हणजे बाबा, आपण परत तळ्यावर जाऊ आणि खाली जाऊन तुझा फोन कसा दिसतो त्याचा फोटो काढू.” धाकटीला गुलाबी हवा होता. मेहुणा विमा कंपनीत होता आणि म्हणून त्याला सगळ्याच वस्तूंमधलं कळत असे. तो रोज फोन करायचा. “भावोजी, मेगापिक्सेलला भुलू नका हां. सेन्सर बघा, सेन्सर. आणि झूम खरा की खोटा ते विचारा.” खोटा झूम म्हणजे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “तेच तर विचारायचं ना त्यांना!” याने हे सगळं इमानदारीने तक्त्यात घातलं. मानेचासुद्धा रकाना केला. पण कुणालाही न सांगता, सगळ्यांत शेवटी, पेन्सिलीने त्याने एक रकाना वाढवला होता: सेकंदाला किती फोटो. काही कॅमेरे म्हणे बटण दाबून धरलं की एका सेकंदात दहा-दहा फोटो काढत. एका सेकंदाचे दहा तुकडे. त्या फळ्यांवर असा कॅमेरा असता तर तिसऱ्या तुकड्यात तोंड उघडलेलं दिसलं असतं, सहाव्यात बोटं सुटलेली. असता तर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर, कारण स्वतःच्या हातातल्या यंत्रात स्वतःचं तोंड येत नाही. हा दोष त्याच्या लक्षात आला होता, पण खरेदीत असे दोष पुरवठादाराने दाखवल्याशिवाय विचारात घेत नाहीत.

पुन्हा हेही खरं, की फोटो आले असते तर काय झालं असतं याचा त्याच्याकडे दाखला नव्हता. फोटो न आल्याचा मात्र होता. त्याचे वडील, आप्पा, दुकानांतली वजनंमापं तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या तराजूवर विश्वास ठेवला नाही आणि पुढे पुढे स्वतःच्या हातांवरही. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, परत वर जाऊन ओढून बघायचं. नळ बंद केला की खाली तळहात धरून उभे. असे आप्पा एकदा ऑफिसातल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून सगळ्यांना समुद्रावर घेऊन गेले होते. रोलचा कॅमेरा, आत काय चाललंय ते कळायची सोय नाही. दरवेळी आप्पा सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचे, “हलू नका,” म्हणायचे, खटका दाबायचे आणि मग कॅमेरा कानाशी नेऊन हलवायचे. रोल पुढे सरकतोय हे कशावरून? शेवटल्या दिवशी त्यांच्याच्याने राहवेना. भर दुपारी, वाळूत उभं राहून, त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, रोल सरकत होता, समाधानाने मान हलवली आणि झाकण लावलं. खट्. तो त्या वेळी धाकटीएवढाच असेल, पण त्याला ते खट् अजून ऐकू येतं, आणि त्यानंतरचा आप्पांचा चेहरा दिसतो: झाकण लागल्यावर, एक क्षण उशिरा, त्यांना कळलं. उन्हाने सगळा रोल धुऊन निघाला होता. तरी त्यांनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं, ताईला घोड्यावर बसवलं, त्याला घोड्यावर बसवलं, “हलू नका,” म्हणाले आणि उरलेला रोल शेवटपर्यंत संपवला. झाकण पुढेही कुठूनतरी उजेड आत सोडत राहिलं आणि एकही फोटो आला नाही. त्यामुळे तेव्हापासून आजतागायत बहीण-भावांत वाद आहे की घोडा पांढरा होता की तांबडा, आणि कोण पडलं होतं. ताई म्हणते तू. तो म्हणतो तू. आप्पा असेपर्यंत निवाडा त्यांच्याकडे जायचा. “कुणीच पडलं नाही,” आप्पा म्हणायचे. “मी फोटो काढलाय.” बाकीच्या सहलींचे फोटो आहेत, आल्बममध्ये, कागदी कोपऱ्यांत अडकवलेले, त्या कुठल्या सहलींचे हे कुणाला सांगता येत नाही. याचा अर्थ काय, असा विचार त्याने मुद्दाम केला नाही. तो केला असता तर कॅमेरा घ्यायचं कारणच उरलं नसतं, आणि तक्ता तर तयार होता.

खरा त्रास वेगळाच होता. दुपारी ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती यायची, पंखा फिरताना एक ठरावीक टिक्-टिक् करायचा, समोर पडद्यावर अनोळखी लोकांनी कॅमेऱ्यांबद्दल लिहिलेले अभिप्राय असायचे (एकाला बॅटरी आवडली नव्हती, एकाला बायकोला आवडला म्हणून आवडला होता), आणि तो पुन्हा त्या फळ्यांवर जायचा. सुरुवातीला क्रम पक्का होता. पण एखादी वस्तू फार हाताळली की तिच्या कडा झिजतात. आता कधीकधी, डोळे मिटून त्या सेकंदात शिरलं, की डुबुक आधी यायचं. हात घामेजलेला, फोन निसटतो, फटीतून जाताना एकदा चमकतो, तो ओरडतो, “आ!”, नुसतंच ‘आ’, थोरला म्हणतो तसं, आणि मग मान वर करतो तेव्हा त्याला पहिल्यांदाच धाकटी दिसते, फळीच्या टोकाला, त्याच्या आवाजाने दचकून थांबलेली. योगायोगाने थांबलेली. असं झालं की कानांच्या पाळ्या गार पडायच्या. तो लगेच उलटा क्रम लावायचा, तोही बसायचा. दोन्ही बसायचे. दोन्ही माणसं त्याच्याच कपड्यांत होती आणि दोघांचंही तोंड उघडं होतं. एक मुलीसाठी ओरडणारा, एक फोनसाठी. तक्ता करता आला असता, पण रकाने कसले घालायचे?

शेवटी एका संध्याकाळी सगळे दुकानात गेले. दुकान मोठं आणि गार होतं. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता आणि थोरला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. काउंटरवर कॅमेरे मांडले होते, प्रत्येकाला पिळाची दोरी, म्हणजे हातात घेऊन बघावा पण नेऊ नये. विक्रेत्याला सर्दी झाली होती.

“कॉम्पॅक्ट दाखवा. यातला हा,” त्याने तक्ता उलगडला.

“हा बंद झाला सर.”

“मग हा?”

“हा पण. याच्याऐवजी हा आलाय.” विक्रेत्याने तक्त्यात कुठेच नसलेला एक कॅमेरा दाखवला.

“आणि यात काय आहे?”

“सगळं आहे सर. सगळेच चांगले आहेत.”

“सगळेच चांगले कसे असतील? खरा झूम आहे की खोटा?”

विक्रेत्याने नाक पुसलं आणि कॅमेऱ्याकडे नव्यानेच बघितलं. “तुम्हाला कसा हवाय?”

“अहो, मी जे लिहून आणलंय त्यातलं दुकानात आहे तरी काय?”

विक्रेत्याने तक्ता दोन्ही हातांत घेतला, आदराने वरपासून खालपर्यंत वाचला. “अक्षर छान आहे सर,” तो म्हणाला. “हे ‘मान’ म्हणजे काय?”

एवढ्यात मेहुण्याचा फोन आला. फोनवर फोन येतात हे निदान खरं ठरलं. “भावोजी, घाई करू नका हां, पुढच्या महिन्यात नवीन येतायत,” मेहुणा म्हणाला. पुढच्या महिन्यात सुट्टी संपलेली असणार होती. पुढच्या महिन्यात नेहमीच नवीन येत असतात. त्याला एकदम वाटलं, हा तक्ता, हा मासा, ही सर्दी, हे सगळं इथेच टाकून घरी जावं आणि कपाटावरची इस्त्री काढून शांतपणे एक शर्ट करावा. बायकोने, पर्समध्ये मावतो का ते बघायला, एका छोट्या कॅमेऱ्याची दोरी विक्रेत्याकडून काढून घेतली होती. मावला. मग तो धाकटीने मागितला. “फक्त एक फोटो, आई, एकच!” आणि ती काउंटरपासून दूर जाऊन सगळ्यांना हुकूम सोडायला लागली. दादा, माशाकडे नको, माझ्याकडे बघ. आई, हस. बाबा, तूपण हस, फोन ठेव. तिने डोळ्यासमोर कॅमेरा धरला होता, दोन्ही हातांनी, पट्टा मोकळा लोंबत होता. “थांबा, अजून मागे जाते मी. बाबाचं पोट मावत नाहीये.” ती एक पाऊल मागे गेली, आणखी एक, आणि तिच्या मागे दुकानाचं दार उघडलं आणि दोन माणसं ढकलगाडीवर तिरपा टाकलेला एक भला थोरला फ्रीज आत घेऊन आली. पुढच्या माणसाला फ्रीजपलीकडचं दिसत नव्हतं.

“अगं!”

टीव्हीवरचा मासा सोडून दुकानातलं सगळं थांबलं. धाकटी थांबली. गाडी थांबली, फ्रीज आणि तिच्या वेण्यांमध्ये हातभर अंतर होतं. आणि कॅमेरा फरशीवर पडला.

कुणी काही बोलायच्या आत धाकटीने तो उचलला. एक कोपरा चेपला होता, पण पडदा उजळलेला होता आणि त्यावर फोटो होता. ती बटण दाबतच होती तेव्हा. फोटोत टीव्हीवरचे मासे होते, माशांकडे बघणाऱ्या थोरल्याचा कान होता, मान वळवणारी बायको होती, आणि मधोमध तो, एका हातात फोन, दुसरा हात पुढे केलेला, तोंड इतकं उघडं की मागच्या दाढेतली चांदी दिसत होती. त्याने तो फोटो बघितला. पुन्हा बघितला. मग खरेदी समितीपुढे मुद्दा मांडताना लावतो तो आवाज त्याला आपोआप लागला.

“हे बघा. सगळ्यांनी बघा. तुम्हीपण या,” तो फ्रीजवाल्यांना म्हणाला. “पडलेला कॅमेरा फोटो काढतो का? नाही काढत. म्हणजे फोटो निघाला तेव्हा कॅमेरा हिच्या हातात होता. बरोबर? आता माझं तोंड बघा. उघडं आहे. म्हणजे कॅमेरा हातात असतानाच मी ओरडलो. आधी ओरडलो! पडल्यावर नाही!”

“तुमचंच बरोबर आहे,” पुढचा फ्रीजवाला म्हणाला. “जरा बाजूला होता का? जड आहे.”

“बरं,” बायको म्हणाली. पण हे ‘बरं’ गाडीतलं नव्हतं. ती फोटोकडे बघत होती आणि तिने धाकटीचा खांदा धरून ठेवला होता, जरा जास्तच घट्ट.

“हो मग,” धाकटी म्हणाली. “तू ओरडलास म्हणून तर पडला.”

“तेच म्हणतोय मी.”

“तळ्यावरपण तसंच.”

“तळ्यावर काय तसंच?”

“तू ‘अगं’ म्हणालास. मग मी थांबले. मग डुबुक झालं.” तिने खांदा सोडवून घेतला. “मला माहितीये. मी तिथेच होते.”

टीव्हीवरचा मासा पडद्याच्या एका कडेने गेला आणि दुसऱ्या टीव्हीत परत आला. त्याने हातातला फोन खिशात ठेवला. “मग शाळेत,” तो म्हणाला, “शाळेत उलटं का सांगितलंस?”

“उलटं नाही सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या तीनच वाक्यं. एक तळ्यात गेलं. फोनचं सगळ्यांना आवडतं म्हणून दुसरं ते. मग तुझं.” तिने बोटं मोजून दाखवली आणि करंगळीशेजारी थांबली. “माझं थांबल्याचं चौथं होतं.”

“मी ‘आ’च ऐकलं होतं पण,” थोरला म्हणाला.

कोपरा चेपलेला कॅमेरा आता दुसरं कुणी घेणार नव्हतं, त्यामुळे निवडीचा प्रश्न मिटला. तो तक्त्यात नव्हता, गुलाबी नव्हता, पाण्याखाली चालत नव्हता. सेकंदाला किती फोटो काढतो, हे त्याने विचारलं नाही. तक्ता घडी घालून खिशात ठेवताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याने विक्रेत्याला सर्दीवर गरम पाण्याचा वाफारा सुचवला. “फक्त तो एक फोटो तेवढा राहू द्या,” तो म्हणाला. “भिंतीवर लावायचाय.”

विक्रेत्याने पावती पुढे सरकवली. मेमरी कार्ड दुकानाचं आहे सर, तो म्हणाला, कॅमेऱ्याबरोबर येत नाही. डेमोचं कार्ड प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसतात; ते त्याने पावती करता करता पुसलं होतं.